जुन्या इंजिनास कोणतें तेल मानवेल?

घरांतील वडील माणसाचें पथ्यपाणी आणि घरांतील जुन्या मोटारीचें तेल, या दोन विषयांवर सल्ला देणारांचा आपल्याकडे कधींच तोटा नसतो. दोन्ही ठिकाणीं सल्ला आपुलकीनेंच दिलेला असतो. परंतु तो बहुधा दुसऱ्याच कोणाच्या प्रकृतीवरून काढलेला असतो, आणि ज्यास तो लागू करावयाचा त्याची नाडी पाहण्याचे श्रम कोणी घेतलेले नसतात. आज या सदरांत यांपैकीं दुसऱ्या विषयाचा थोडा विचार करूं. ज्या घरांत दहा-पंधरा वर्षें वापरलेली मोटार आहे, त्या घरास हा प्रश्न आज ना उद्यां पडणारच आहे.

गेल्या दिवाळींत तो आमच्या घरीं पडला. आमच्या वडिलांनीं २००९ सालीं घेतलेली पेट्रोलची मोटार अद्याप आमच्या दारांत आहे. २०२४ सालीं तिची नोंदणी पांच वर्षांकरितां पुन्हां करून घेतली. वडील आतां नाहींत. मोटार विकून टाकण्यास आईचें मन घेत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हां भावांचेंहि घेत नाहीं. तिच्या मापकावर एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर झाले होते व तेल बदलण्याची वेळ आली होती. फराळाच्या ताटांवरच वाद निघाला. माझे थोरले बंधू, ज्यांस घरांत लहानथोर सर्वच अण्णा म्हणतात, म्हणाले, “इंजिन दोन लाखांस आलें. आतां त्यास पातळ तेल पुरायचें नाहीं. २०डब्ल्यू-५० घाला, मेस्त्रीहि तेंच सांगतो.”

त्यांचा मुलगा यंत्रशास्त्राच्या तिसऱ्या वर्षास आहे. तो म्हणाला, “पण अण्णा, मोटारीच्या पुस्तकांत ५डब्ल्यू-३० लिहिलें आहे. ज्या तेलासाठीं इंजिन घडवलें, तेंच तेल त्यास घालायला हवें.”

“पुस्तक लिहिलें तेव्हां इंजिन नवें होतें,” अण्णांनीं उत्तर दिलें.

“काका, तुम्हीच सांगा,” असें म्हणून पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें, अण्णांनींहि पाहिलें. मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. याच प्रश्नाचें उत्तर एकदां घाईनें देऊन मीं त्याची किंमत मोजलेली आहे. ती हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं डब्यावरील त्या आंकड्यांचा अर्थ पाहूं, कारण अर्धा वाद त्यांच्याच गैरसमजांतून निघतो.

ज्यानें स्वयंपाकघरांत साखरेचा पाक केला आहे, त्यास ही गोष्ट नव्यानें सांगावयास नको. चुलीवर असतांना पळीवरून जो सहज ओघळतो, तोच पाक बोटांत धरून गार होतांच तार धरतो. तेलाचेंहि तसेंच आहे. ऊन असतां तें पातळ, गार असतां दाट. म्हणून तेलाचा दाटपणा सांगावयाचा तर कोणत्या उष्णतेस, हेंहि सांगावें लागतें. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें, जी एस. ए. ई. या आद्याक्षरांनीं ओळखली जाते, १९११ सालीं तेलांची वर्गवारी प्रथम केली. तिच्यांत वेळोवेळीं सुधारणा होऊन तीच आज सर्व जगांत चालते. डब्यावरील आंकडे या वर्गवारींतले आहेत.

‘डब्ल्यू’ हें अक्षर वजनाचें द्योतक आहे, असा समज पुष्कळांचा असतो. इंग्रजींत तेलाच्या दाटपणास त्याचें ‘वजन’ म्हणण्याची रूढि असल्यानें तो अधिकच दृढ झाला आहे. वास्तविक तें हिंवाळावाचक ‘विंटर’ या शब्दाचें पहिलें अक्षर होय. त्याच्या आधींचा आंकडा थंडींतील वर्तन सांगतो. हा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत अधिक सहज वाहतें. ५डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखालीं ३० अंशांवर होते, तर २०डब्ल्यूची शून्याखालीं १५ अंशांवर. नंतरचा आंकडा १०० अंशांवरील, म्हणजे तापलेल्या इंजिनांतील, दाटपणा सांगतो. तोहि प्रत्यक्ष माप नसून एका पट्ट्याचें नांव आहे. दाटपणा मोजण्याच्या सेंटिस्टोक या मापानें ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. तुलनेसाठीं, साध्या पाण्याचा दाटपणा या मापानें सुमारें एक असतो.

यावरून ५डब्ल्यू-३० हें तेल थंडींत पातळ असून तापल्यावर दाट होतें, असा तर्क कोणी करूं नये. तापल्यावर दाट होणारें तेल या मोटारींत तरी नाहीं. तापल्यावर तें पातळच होतें, मात्र त्यांत मिसळलेल्या द्रव्यांमुळें बेताबातानें होतें, एवढेंच. आतां कोणी म्हणेल, पुण्यामुंबईंत शून्याखालीं पारा कधीं जातो? मग थंडीच्या आंकड्याशीं आपलें काय कर्तव्य? कर्तव्य आहे. इंजिनाच्या दृष्टीनें आपली रोजची सकाळही हिंवाळाच आहे. चाळीस अंशांवर ५डब्ल्यू-३० तेलाचा दाटपणा साधारण साठ-पासष्ट असतो, तर २०डब्ल्यू-५० चा दीडशेंच्याहि पुढें जातो. सकाळच्या वीस अंशांत ही तफावत आणखी वाढते. रात्रभर तेल तळाशीं निथळलेलें असतें. किल्ली फिरवल्यापासून तें वरच्या भागांपर्यंत पोंचेस्तोवरचे क्षण झिजेचे असतात, व दाट तेलानें ते क्षण लांबतात.

तेल घर्षण कसें टाळतें, यासंबंधींची एक जुनी हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत बीचम टॉवर नांवाचे अभियंते आंसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्याकरितां त्यांनीं बेअरिंगच्या माथ्यास भोंक पाडलें, तों यंत्र फिरूं लागतांच तेल आंत न जातां त्या भोंकांतून उलट वर येऊं लागलें. त्यांनीं बूच बसवलें, तें निघालें. लांकडाची खुंटी ठोकली, तीहि वर ढकलली गेली. अखेर मापक लावलें, तेव्हां दाब दर चौरस इंचास २०० पौंडांच्या वर गेलेला आढळला. आंस धातूवर टेंकतच नव्हता; फिरतां फिरतां त्यानें तेल आपल्याखालीं ओढून घेतलें होतें व त्या पातळशा थरावर तो तरंगत होता. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं या गोष्टीचें गणित मांडलें. त्याच आधारावर आजचें प्रत्येक इंजिन उभें आहे; आंस व बेअरिंग यांतील फट केसाच्या जाडीहूनहि कमी असते, व तेलाचा दाटपणा त्या फटीच्या हिशेबानें ठरवलेला असतो.

येथें अण्णांच्या म्हणण्यांतील तथ्य मान्य करावयास हवें. झीज होऊन फट वाढली, कीं तेल बाजूंनीं लवकर निसटतें व दाब उतरतो. दाट तेल तितक्या लवकर निसटत नाहीं. शिवाय ज्या मेस्त्रींच्या हातांखालीं आमची पिढी मोटारी देत आली, त्यांची विद्या अँबॅसडर व पद्मिनी या मोटारींवर तयार झालेली. त्या इंजिनांच्या फटी मोठ्या, व घडण दाट तेलास धरूनच; त्यांस दाट तेल देणें हें योग्यच होतें. परंतु अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, आणि पद्मिनीचें त्याच्याहि किती तरी आधीं. पुढच्या पिढीच्या कित्येक इंजिनांत तेल नुसतें वंगण राहिलेलें नाहीं. झडपांच्या उघडझापेची वेळ बदलण्याचें कामहि त्याच्याच दाबानें, अरुंद वाटांतून होतें. तेथें फार दाट तेल घालणें म्हणजे बारीक नळीच्या झारींतून काकवी ओतण्यासारखें आहे. दाबाचा कांटा वर जातो खरा. परंतु तो वाहण्यास अडथळा झाल्यामुळेंहि वर जातो, हें विसरतां कामा नये.

आतां माझी हकीकत. या मोटारीच्या आधीं आमच्याकडे एक जुनी विकत घेतलेली मोटार होती. ती तेल पीत असे; सकाळीं सुरू करतांना मागून निळसर धूर येई. २००६ च्या सुमारास एका मेस्त्रीनें २०डब्ल्यू-५० सुचवलें, व मीं तें तत्परतेनें घातलें. धूर कमी झाला, तेलहि कांहीं आठवडे कमी गेलें. रोग बरा झाला असें समजून मी निश्चिंत झालों, आणि आठवड्यास तेल पाहण्याची संवय सोडली. मे महिन्यांत आम्ही कोंकणांत गेलों. परततांना ताम्हिणी घाटाच्या चढावर, एका वळणावर तेलाचा लाल दिवा क्षणभर लागला व विझला. पुढच्या वळणावर पुन्हां लागला. मोटारींत मुलें होतीं, ऊन होतें, थांबण्यास सोयीची जागा दिसेना; वर पोंचून पाहूं, असें म्हणून मीं तीन किलोमीटर तशीच दामटली. शेवटीं इंजिनांतून जो ठोका ऐकूं येऊं लागला, तो मी अजून विसरलों नाहीं.

इंजिन खोललें तेव्हां तळाशीं जेमतेम तेल होतें. झडपांचीं रबरी सीलें दगडासारखीं कडक झालीं होतीं, पिस्टनच्या तेल निपटणाऱ्या रिंगा काजळीनें खांचेंत चिकटल्या होत्या, आणि बेअरिंगें आंसासकट गेलीं होतीं. दुरुस्तीस त्या मोटारीच्या तेव्हांच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च आला. वडील रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, “तेल शेवटचें कधीं पाहिलें होतेंस?” मला आठवेना.

दोष दाट तेलाचा होता असें मी म्हणत नाहीं. दोष माझा होता. लक्षण झांकलें गेलें, त्यास मीं रोग गेला असें मानलें. कडक झालेलें सील दाट तेलानें मऊ होत नाहीं. चिकटलेली रिंग त्यानें सुटत नाहीं. दाट तेलानें गळती मंदावते, आणि मंदावलेली गळती अधिक फसवी असते, कारण तिच्याकडे लक्ष जात नाहीं.

म्हणून तेलाचा आंकडा ठरवण्यापूर्वीं इंजिनाची नाडी पहावी, आणि ती या क्रमानें पहावी.

पहिली गोष्ट अशी कीं, किलोमीटरांचा आंकडा म्हणजे इंजिनाचें वय नव्हे. हमरस्त्यावर दोन लाख किलोमीटर चाललेलें इंजिन, रोज बाजारापर्यंत जाऊन थंड होणाऱ्या साठ हजारांच्या इंजिनापेक्षां ठणठणीत असूं शकतें. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं. त्यामुळें पाण्याचा अंश व न जळलेलें पेट्रोल तेलांत सांठत जातें.

दुसरी गोष्ट, मोजावें. मोटार सपाटीवर उभी करून इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हां घालून काढावी, आणि तेल दोन खुणांमध्यें कोठें आहे तें किलोमीटरांसह वहींत लिहावें. बहुतेक लहान मोटारींत त्या दोन खुणांमधील अंतर सुमारें एक लिटरचें असतें. वरच्या खुणेपलीकडे तेल भरणेंहि वाईट. आंस त्यांत घुसळूं लागला कीं फेंस होतो. असें महिनाभर केलें, म्हणजे हजार किलोमीटरांस किती तेल जातें तें कळतें. तें नगण्य असेल, धूर नसेल, दिवा लागत नसेल, तर मापक कांहींहि दाखवो, पुस्तकांतील पहिल्या पसंतीचें तेलच घालावें.

तिसरी गोष्ट, तेल जात असेल तर कोठें जातें तें शोधावें. जमिनीवर डाग किंवा इंजिनावर ओल दिसली तर गॅस्केट अथवा सील. सकाळीं सुरू करतांना निळा धूर आला तर बहुधा झडपांचीं सीलें; वेग घेतांना आला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा. इंजिनांतील वाफा बाहेर नेणारी लहानशी झडप तुंबली तरीहि तेल जातें. ती बदलण्यास फारसा खर्च येत नाहीं, पण तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. हीं कामें आधीं करावीं, तेलाचा विचार मागाहून.

चौथी गोष्ट, एवढें करूनहि थोडें तेल जातच असेल, किंवा तापल्यावर इंजिन पूर्वीपेक्षां खडखडत असेल, तर एक पायरी वर चढावें, आणि ती मागच्या आंकड्याची असावी, पुढच्या नव्हे. ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० वर जाण्यास, पुस्तकांतील तक्ता परवानगी देत असेल तर, प्रत्यवाय नाहीं. एकदम २०डब्ल्यू-५० वर उडी घेऊं नये. ‘हाय मायलेज’ या नांवाचीं तेलें मिळतात, त्यांत रबरी सीलें किंचित् मऊ करून फुगवणारीं द्रव्यें असतात. बारीक पाझर असेल तेथें त्यांचा उपयोग होतो, फाटलेल्या सीलास होत नाहीं. जुन्या इंजिनाचा सांठलेला गाळ जोरदार औषधानें एकाच दिवशीं धुऊन काढण्याचा मोहहि टाळावा. सुटलेला गाळ तेल ओढणाऱ्या जाळींत जाऊन बसला तर उपाय अपायाहून भारी पडतो. चांगलें तेल थोड्या लवकर, दोन-तीन वेळां बदलणें हाच सौम्य उपचार.

पांचवी गोष्ट, दाटपणा म्हणजे सर्वस्व नव्हे. डब्यावर गुणवत्तेचीं अक्षरें असतात; पेट्रोल इंजिनांकरितां एसएन हीं २०१० पासूनचीं, एसपी हीं २०२० पासूनचीं. पुस्तकांत सांगितलेल्या अक्षरांहून पुढचीं घेण्यास बहुधा हरकत नसते, मागचीं घेऊं नयेत. आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांप्रमाणें बनलेली डिझेल मोटार घरांत असेल, तर विशेष जपावें. तिच्या धुराड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. तीस जळल्यावर कमी राख ठेवणारें तेल लागतें. साधें तेल घातलें तर ती गाळणी कायमची तुंबण्याचा संभव असतो.

लाल दिवा मात्र या सर्वांच्या बाहेरचा आहे. तो दाब अगदीं तळास गेल्यावरच लागतो. तो दिसतांच मोटार बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. सावली, सोय, मुक्काम यांपैकीं कशाचाहि विचार करूं नये. आणि तेलाची पातळी बरोबर असूनहि तो लागत असेल, तर तेल बदलून पाहण्यांत वेळ न घालवतां मेस्त्रीकडून दाब मोजून घ्यावा.

दिवाळीच्या त्या वादाचा निकाल कसा लागला, तें सांगून हा लेख संपवितों. मीं दोघांसहि म्हटलें, चार रविवार मोजूं, मग ठरवूं. मोजण्याचें काम पुतण्यानें घेतलें. हजार किलोमीटरांस सुमारें तीनशें मिलिलिटर तेल जात होतें. कित्येक उत्पादक याहून अधिकहि मर्यादेंतच धरतात. तरी अण्णांस वाटलें, आपलेंच खरें झालें. तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भावोजी, मागच्या खेपेस तेल बदलल्यापासून पहाटे गाडी सुरू केली कीं दोन-तीन सेकंद खडखड होते, हें मी केव्हांची सांगतें आहें.” मोटार रोज पहाटे वहिनीच काढतात, पण तेलाच्या चर्चेंत त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें. मीं जुनें बिल शोधलें. त्यावर २०डब्ल्यू-५० असें स्पष्ट लिहिलें होतें. अण्णा जो उपाय सुचवीत होते, तो वर्षभर चालूच होता, आणि तेल तरीहि जातच होतें.

बिल ज्या कप्प्यांत सांपडलें, त्यांतच वडिलांची वही होती. घाटांतील त्या प्रसंगानंतर त्यांनीं स्वतःच दर रविवारीं तेल पाहून लिहिण्याचा नेम धरला होता. नवी मोटार आल्यावरहि तो चालला. एक लाख चाळीस हजारांपर्यंत, पुस्तकांतील तेलावर, खर्च जवळजवळ शून्य. शेवटची नोंद २०२१ सालची, एक लाख एकसष्ट हजारांवरची. त्यापुढें कोणी लिहिलें नव्हतें.

तपासणींत झडपांच्या झांकणाखालचें गॅस्केट पाझरत असल्याचें निघालें. तें बदललें. पुस्तकांतील तक्त्यांत ५डब्ल्यू-३० पहिलें व त्याखालीं ५डब्ल्यू-४० होतें, दुसरें घातलें. पुतण्याचें पुस्तक राहिलें, अण्णांची एक पायरीहि राहिली. पहाटेची खडखड थांबली, असें वहिनींनीं तिसऱ्या दिवशीं सांगितलें. त्यानंतर मोटार चार हजार किलोमीटर चालली. तेल हजारीं शंभर मिलिलिटरांहून कमी जातें. हा आंकडा मीं अदमासानें दिलेला नाहीं. वडिलांच्याच वहींत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखालीं एक ओळ सोडून, आतां पुतण्याच्या अक्षरांत तो दर रविवारीं लिहिला जातो.